आठवीला शाळा बदलायची आहे: महापालिकेची छोटी की नावाजलेली मोठी?

सातवीपर्यंतच वर्ग असलेल्या शाळेतून मूल बाहेर पडलं की हा प्रश्न येतो. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के राखीव जागांतून विनाअनुदानित शाळेत शिकणाऱ्यांना तो एक वर्ष उशिरा गाठतो, कारण कायद्याचं छत्र आठवीपर्यंतचं आणि नववीपासून पूर्ण फी. शहरात मग साधारण दोन दारं उरतात. एक नावाजलेली अनुदानित शाळा, जिथे तुकड्या अ पासून ई-फ पर्यंत जातात. दुसरी घराजवळची महापालिकेची माध्यमिक, जिथे इयत्तेला एकच तुकडी. आमच्याकडे दोन्ही झालं. थोरला मोठ्या शाळेतून दहावी पास झाला, धाकटीला आठवीला महापालिकेच्या शाळेत घातलं. दोन मुलं म्हणजे काही सर्वेक्षण नव्हे आणि दोघांचे स्वभावही वेगळे, हे धरूनच पुढचं वाचा.

पैशाचं आधी उरकतो. अनुदानित शाळेत शिक्षकांचे पगार सरकारकडून होतात, त्यामुळे फी अंगावर येत नाही. अंगावर येतात त्या सहल, स्नेहसंमेलन, गणवेशाचं ठरलेलं दुकान अशा किरकोळ गोष्टी. महापालिकेत हे जवळजवळ काहीच नाही. मुंबईत तर पालिका 27 शालेय वस्तू देते; आमच्या शहरातली यादी त्याहून आखूड आहे, पण वह्या-गणवेशाचा प्रश्न मिटतो. शाळेतलं जेवण मात्र आठवीपर्यंतच. नववीपासून डबा.

आता मोठ्या शाळेचं जे चांगलं आहे ते मोकळेपणाने सांगायला हवं. तिथे संस्कृत आहे, संपूर्ण 100 गुणांचं किंवा हिंदीबरोबर 50-50. सेमी इंग्रजीच्या स्वतंत्र तुकड्या आहेत, एनसीसी आहे, स्वतःचं मैदान आहे. मुख्य म्हणजे पूर्णवेळ चित्रकला शिक्षक आहेत. हे शेवटचं पालक विसरतात. चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत ए श्रेणी मिळाली तर दहावीला 7 वाढीव गुण, बी ला 5, सी ला 3. मूल चित्रात रमणारं असेल तर छोट्या शाळेत हे शिकवणार कोण, ते आधी विचारा. आरटीईच्या निकषांप्रमाणे सहावी ते आठवीचा पट 100 च्या वर असेल तरच कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवाला अंशकालीन निदेशक मिळतो. धाकटीच्या शाळेचा पट त्याच्या आतला. ग्रेड परीक्षेचे फॉर्म हिंदीच्या बाईंनी भरले आणि सरावही त्यांनीच घेतला. त्यांची हौस दांडगी, पण रेखाचित्राची बैठक हौसेने येत नाही.

मोठ्या शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालय असेल तर अकरावीला इन-हाउस कोट्याच्या, म्हणजे त्या शाळेतल्याच मुलांसाठी राखलेल्या, 10 टक्के जागाही असतात. काठावरचे टक्के असणाऱ्यांना तो आधार ठरतो.

एवढं सगळं असताना धाकटीला तिथे का नाही घातलं? कारण एक वाक्य. थोरला दहावीत असताना रोज घरी यायचं ते वाक्य: "हे क्लासमध्ये झालं असेल ना तुमचं?"

गणिताचे सर वर्गात यायचे, प्रकरणाचं नाव फळ्यावर लिहायचे, हे विचारायचे, निम्म्याहून जास्त हात वर जायचे आणि थेट सरावसंच सुरू. सरांना दोष देऊन उपयोग नाही. समोर सत्तरच्या आसपास मुलं, त्यातल्या बहुतेकांचं वर्गसमीकरण मे महिन्याच्या सुट्टीतच क्लासने उरकलेलं. त्यांना तेच पुन्हा शिकवलं तर ती दंगा करणार. पण आमचा थोरला क्लासला जात नव्हता. पूर्ण वर्गाचं रूप करून समीकरण सोडवताना ती अर्ध्याचा वर्ग करून मिळवायची संख्या कुठून टपकते, हे त्याला शाळेत कोणी सांगितलंच नाही. शेवटी दिवाळीनंतर क्लास लावला. म्हणजे शाळा नावाची, शिकवणं बाहेरचं आणि दोन्हींच्या मध्ये पोरगा सायकलवर. निकाल चांगला लागला. शाळेने फलकावर त्याचंही नाव लिहिलं. क्लासनेही लिहिलं.

महापालिकेच्या शाळेत हे वाक्य ऐकू येत नाही, कारण तिथे ते विचारण्यात अर्थ नसतो. पटावर तीसेक मुलं, क्लासची फी बहुतेकांना झेपणारी नाही. त्यामुळे जे शिकवायचं ते शाळेलाच शिकवावं लागतं. बाई तीच पायरी तीनदा करतात, चौथ्यांदा एखाद्या मुलीला फळ्यापाशी बोलावतात. हुशार मुलाला यात कंटाळा येऊ शकतो, हे नाकारत नाही. धाकटीला आला असेल. पण ती घरी येऊन माझ्याकडे गणित विचारत नाही आणि माझ्या दृष्टीने हे पुष्कळ आहे.

विज्ञानाचंही तसंच. दहावीला 40-40 चे दोन पेपर आणि 20 गुण प्रात्यक्षिकाचे. थोरल्याच्या वेळी बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढायचा प्रयोग सरांनी टेबलावर करून दाखवला, मागची मुलं बाकावर उभी, आकडे फळ्यावरून वहीत. छोट्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि एक बेसिन. पण धाकटीने स्वतः भिंग धरून खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीची उलटी प्रतिमा कागदावर पाडली, कागद मागेपुढे करत ती स्पष्ट केली आणि मैत्रिणीने पट्टीने अंतर मोजलं. पहिलं उत्तर चुकलं म्हणून पुन्हा केलं. भिंगं मोजकीच होती, मुलंही मोजकी.

आणखी एक फरक कागदपत्रांचा. आठवीतली एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित, तिन्ही शाळांतल्या मुलांना खुली आहे. वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. हक्क दोन्हीकडे सारखाच. मोठ्या शाळेत त्याची सूचना फलकावर लागली होती म्हणे, आमच्या पाहण्यात आली नाही. छोट्या शाळेत मुख्याध्यापकांचा फोन आला, "अहो, उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो बरं का, आत्ताच अर्ज टाका." ज्या घरात दोघंही कामावर जातात तिथे असा फोन किती मोलाचा, हे वेगळं सांगायला नको. हा माणसाचा गुण, शाळेचा नव्हे, असं कोणी म्हणेल. असेलही. पण त्या माणसाला सगळ्या मुलांची घरं माहीत असणं हे पट लहान असल्यामुळेच.

छोट्या शाळेची खरी अडचण शिक्षकांच्या संख्येची. विज्ञान आणि गणिताला मिळून एकच बाई. त्या आजारी पडल्या किंवा निवडणुकीच्या कामाला लागल्या की दोन्ही विषय थांबतात. मोठ्या शाळेत बदली शिक्षक तरी येतो. दहावीच्या वर्षी निवडणूक असेल तर हे जमेस धरा. पट घटला तर पुढच्या संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा) शिक्षकाचं पदच जाऊ शकतं, तेव्हा गेल्या दोन वर्षांत पट वाढतोय की उतरतोय, हेही मुख्याध्यापकांना विचारून घ्या.

संस्कृत नाही म्हणून आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी बरीच कुरकुर केली. मला तो तोटा तितका मोठा वाटत नाही. बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये सहापैकी सगळ्यात कमी गुणांचा विषय टक्केवारीतून गळतोच. हिंदीत कमी पडले तर हिंदी गळेल. संस्कृतची खरी आवड असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा मोठीच शाळा बघा.

थोडक्यात, मुलाला आठवीपासून क्लासला घालायचं तुमचं ठरलंच असेल तर मोठी शाळा घ्यायला हरकत नाही. मैदान, एनसीसी, चित्रकला हे क्लास देत नाही, ते शाळेतून मिळेल. क्लास लावायचा नसेल किंवा परवडत नसेल, तर महापालिकेची शाळा नुसती बाहेरून पाहून परत फिरू नका. मुख्याध्यापकांची परवानगी काढा आणि नववीच्या गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसा. सेमीची सोय, गणित-विज्ञानाच्या शिक्षकांच्या निवृत्तीचं वर्ष आणि चित्रकलेचं कोण बघतं, एवढं त्याच फेरीत विचारता येतं.