बत्तीस नगांचा चर्मकाम-संच : एका वर्षाच्या वापरानंतर

गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास मी ऑनलाइन मागवलेल्या चर्मकाम-संचाच्या खोक्यावर ‘३२ नग’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते आणि त्याची किंमत २,३५० रुपये होती. नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते, त्यामुळे आलेला माल आधी मोजून घेण्याची सवय हाडीमासी भिनली आहे. पहिल्याच संध्याकाळी सगळा ऐवज चटईवर मांडला. सात सुया, दोऱ्याची सहा रिळे, दोन अंगुस्ताने, मेणाची वडी, पट्टी आणि कात्री एवढ्यातच अठरा नग संपले. उरलेल्या चौदांपैकी तीन चामड्याचे तुकडे होते, म्हणजे ज्यांना खऱ्या अर्थाने हत्यारे म्हणता येईल अशा वस्तू अकराच निघाल्या. आकडा खोटा नव्हता, पण तो मोजण्याची पद्धत लबाड होती. संचाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हेच छायाचित्र लावून हाच संच तीन-चार निरनिराळ्या नावांनी विकला जात असल्याचे मी पाहिले आहे आणि पुढे जे लिहिते आहे ते त्या सर्वांना कमीअधिक लागू पडावे.

माझी सर्वांत मोठी तक्रार हत्यारांविषयी नसून त्या तीन तुकड्यांविषयी आहे. सोबतच्या पुस्तिकेत पहिला धडा म्हणून पत्त्यांएवढे कार्ड-पाकीट दिले असून, शेवटी त्याचे काठ ओले करून लाकडी घोटणीने चमक येईपर्यंत घासावेत, अशी सूचना आहे. मी दोन रविवार घासत बसले. काठ चमकले तर नाहीतच, उलट त्यांतून कापसासारखे तंतू बाहेर येऊ लागले, आणि दोष आपल्या हाताचा आहे असे समजून मी हा नाद सोडून देण्याच्या बेतात होते. खरे कारण पुढे कळले. ते तुकडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याचे होते. अशा पद्धतीने कातडे दिवसा-दोन दिवसांत कमावून होते, ते मऊ राहते, पाण्याला दाद देत नाही आणि आज जगभर वापरले जाणारे बहुतांश चामडे याच जातीचे असते. पण त्याचे तंतू दाबले तरी पुन्हा उसळून येतात, म्हणून त्याचा काठ घोटला जात नाही आणि त्यावर ठसाही नीट उमटत नाही. साल, पाला, फळे यांतील टॅनिन या तुरट द्रव्याने आठवडेच्या आठवडे मुरवत कमावलेले चामडे मात्र ओले केल्यावर दिलेला आकार धरून ठेवते. कोल्हापुरी चपलेचे चामडे पूर्वापार बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते याच दुसऱ्या प्रकारातले. म्हणजे पुस्तिका एका चामड्याची आणि तुकडे दुसऱ्याच चामड्याचे, असा हा प्रकार होता. नवशिक्याला हा फरक ओळखण्याचा सोपा उपाय असा की, कापलेला काठ उजेडात धरावा. गाभ्यात निळसर-करडी रेघ दिसली तर ते बहुधा क्रोमचे असते, आणि आरपार तपकिरी दिसून वर पाण्याचा थेंब टाकताच डाग गडद होत गेला तर ते सालीचे समजावे.

आता हत्यारांकडे वळते. टाक्यांसाठी छिद्रे पाडणारे एक, दोन, चार आणि सहा दातांचे चार पंच ही या संचातली सर्वांत उपयोगी वस्तू आहे. दातांमधले अंतर ४ मिलिमीटर असल्याचे लिहिले आहे आणि ते चारही पंचांत खरोखर सारखे आहे, हे मी स्टोअरमधल्या व्हर्नियरने तपासले. मात्र दातांच्या कडांवर घडणीच्या वेळचे कंगोरे तसेच ठेवलेले असल्यामुळे पंच दोन पदरी चामड्यात असा रुतून बसतो की उपटताना चामडेच वर ओढले जाते. १००० नंबरचा पॉलिश पेपर आणि धीर या दोन गोष्टी असतील तर दोन संध्याकाळी खर्चून हा दोष जातो. काठाची धार मोडणारे बेव्हलर नावाचे हत्यार तर आले तेच बोथट; विक्रेत्याने कुरकुर न करता ते बदलून दिले, पण बदललेलेही तसेच निघाले. शेवटी बारीक तारेला पॉलिश पेपर गुंडाळून त्याची खाच आतून घासली, तेव्हा कुठे ते कापू लागले. रेघ कोरणाऱ्या ग्रूव्हरचा स्क्रू दर वितीला सैल होतो. लाकडी घोटणी उत्तम आहे, तिच्याविषयी एक शब्दही वावगा बोलता येणार नाही. कात्री मी स्वयंपाकघरात दिली.

संचात चामड्याला टोचून छिद्र पाडायच्या दोन आऱ्या होत्या. त्यांपैकी मोठी घेऊन मी शालिमारजवळ पदपथावर बसणाऱ्या एका चर्मकार काकांकडे गेले, कारण तिने पाडलेली छिद्रे पुढून गोल आणि मागून फाटलेली येत होती. काकांनी ती अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली आणि म्हणाले, “ताई, ही आरी नाही, हा खिळा आहे. खिळा भोक पाडतो. आरीनं चीर पडली पाहिजे.” मग त्यांनी स्वतःची आरी दाखवली. तिचे टोक गोल नसून दोन बाजूंनी चपटे केलेले होते, त्यामुळे चामड्यात छिद्राऐवजी बारीक चीर पडत होती आणि दोरा आत गेल्यावर ती चीर त्याला घट्ट मिठी मारत होती. त्यांनी माझ्या आरीचे टोक दगडावर पाण्यासह दोन्ही अंगांनी घासून तसेच चपटे करून दिले आणि वीस रुपये घेतले. त्याच दिवशी मी त्यांच्याकडून दीडशे रुपयांना एक रापी विकत घेतली. रुंद पात्याची, मुठीला जुन्या चामड्याची पट्टी गुंडाळलेली ही रापी गेले वर्षभर चामडे कापण्यासाठी आणि घडीच्या जागी ते छिलून पातळ करण्यासाठी मी वापरते आहे, आणि संचातला फिरत्या पात्याचा चाकू तेव्हापासून खोक्यातून बाहेर आलेला नाही. ज्या कामाला आणि ते करणाऱ्यांना आपण पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेर ठेवले, तेच काम मी ‘हस्तकला’ म्हणून प्रदर्शनात मांडते तेव्हा त्याला चौपट भाव येतो, ही गोष्ट काकांसमोर बसलेले असताना फार टोचते.

दोऱ्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. सहाही रिळे मेण लावलेल्या चपट्या पॉलिस्टर दोऱ्याची आहेत. हा दोरा मजबूत असतो आणि शेवटचे टोक लायटरने वितळवून बसवता येते, ही सोय मोठी आहे. पण सगळी रिळे १ मिलिमीटर जाडीची असल्यामुळे ती पट्ट्याला आणि पिशवीला शोभतात, पाकिटाला नाही. पाकिटासाठी मी आता ०.६ मिलिमीटरचा दोरा वेगळा मागवते. पुस्तिकेत शिकवलेला सॅडल स्टिच मात्र बरोबर समजावला आहे: एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून प्रत्येक चिरेतून त्या समोरासमोरून काढायच्या, म्हणजे उद्या एका बाजूचा टाका झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा शिवण धरून ठेवतो. नेहमीच्या यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात आणि एक तुटला की शिवण पुढे उसवत जाते. दुहेरी घडीच्या पाकिटाची साधारण ६० सेंटिमीटर शिवण धरली, तर ४ मिलिमीटर अंतराने दीडशे टाके पडतात आणि शिवणीच्या चौपट, म्हणजे जवळजवळ अडीच मीटर दोरा लागतो. पुस्तिकेत दुप्पट लिहिले आहे आणि त्यामुळे माझा पहिला दोरा निम्म्यावरच संपला.

लोखंडी पट्टीने केलेली करामत मात्र मजेशीर होती. सालीने कमावलेले ओले चामडे मी त्या पट्टीखाली दाबून ठेवले आणि तासाभराने उचलून पाहते तो तिच्या कडेने काळीनिळी रेघ उमटलेली! लोखंडी कढईत आवळा शिजवला की तो काळा का पडतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही, कारण दोन्हीकडे टॅनिन आणि लोखंड यांचीच गाठ पडते. लिंबू चोळल्यावर डाग बराच फिका झाला. शालेय साहित्याच्या दुकानातून चाळीस रुपयांची स्टेनलेस स्टीलची पट्टी आणल्यापासून हा प्रश्न उरला नाही.

पावसाळ्याविषयी पुस्तिका अवाक्षर काढत नाही, आणि ती नाशकातल्या जुलै-ऑगस्टसाठी लिहिलेली नाही हे तेव्हाच कळते. संचाबरोबर आलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या माझ्या चार तयार पाकिटांवर श्रावण लागेपर्यंत पांढरी बुरशी चढली होती. आता चामडे जुन्या सुती साडीत गुंडाळून, जमिनीपासून उंच आणि भिंतीला न टेकवता ठेवते.

छंदातून चार पैसे मिळवू पाहणाऱ्यांसाठी आणखी एक सांगते. संचातल्या तुकड्यांवर हात बसल्यावर चामडे आणायला मी सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरून धारावीतल्या चामड्याच्या दुकानांत जाते. तेथे चामडे चौरस फुटांच्या भावाने मिळते. संपूर्ण किंवा अर्धे कातडे घ्यावे लागते आणि त्यात पाठीचा भाग घट्ट, तर पोटाचा सैल व ताणणारा असतो. पट्टा पोटाच्या भागातून काढला तर दोन महिन्यांत तो लांबतो आणि गिऱ्हाईक परत येते, हे मी एकदा पदरचे साडेसातशे रुपये परत करून शिकले आहे. पाकिटाला मी कापण्यातली नासाडी धरून दीड चौरस फूट चामडे धरते. पहिल्या पाकिटाला नऊ तास लागले होते, आता अडीच तास लागतात. गंगापूर रोडवरच्या एका प्रदर्शनात ते अकराशेला विकले गेले, तर ओळखीच्या लोकांनी मेन रोडवर दोनशेत मिळते म्हणून तेच पाकीट हातात फिरवून खाली ठेवले.

हा संच पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी घेणार नाही. चार पंच सुटे, लाकडी घोटणी, दोन सुया, ०.६ आणि ०.८ मिलिमीटर दोऱ्याचे एकेक रीळ, काकांकडची रापी आणि आरी, आणि हातोडीऐवजी घरातला जुना लाकडी बत्ता, एवढे जमवायला मला आज हिशेबाने साधारण तेराशे रुपये लागतील. वाचलेल्या हजारात सालीने कमावलेल्या चामड्याचे पाच-सहा चौरस फूट येतात. मात्र ज्यांना एकेक वस्तू शोधत फिरायला सवड नाही किंवा कोणाला भेट द्यायची आहे, त्यांनी संच जरूर घ्यावा. फक्त आतले तीन तुकडे केवळ छिद्रे पाडण्याच्या सरावासाठी ठेवावेत आणि मोठी आरी आधी दगडावर घासून घ्यावी.