निमाणी ते नाशिकरोड: शहर बस आणि नवे कारभारी

नाशिक महापालिकेचा नवा कारभार जोखायचा असेल, तर राजीव गांधी भवनातील सभागृहापेक्षा निमाणीचे बसस्थानक अधिक उपयोगी पडेल, असे वाटल्याने गेल्या आठवड्यात सलग तीन दिवस मी दुचाकी घरी ठेवली आणि महापालिकेच्या सिटीलिंक या शहर बससेवेच्या बसने नाशिकरोडला ये-जा केली. बस स्वच्छ होती. वाहकाने सुट्या पैशांवरून कुरकुर न करता तिकीट दिले, आणि शालिमारला चढणाऱ्या एका आजींची मेथीच्या जुड्यांनी भरलेली पिशवी आधी आत घेऊन मग त्यांना हात दिला. गाडी आणि माणसे, दोन्ही बाबतींत माझी तक्रार नाही.

वेळ पाळणे मात्र बसच्या एकटीच्या हातात नाही. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता जिथे मिळतात त्या द्वारका चौकात एकदा आम्ही इतके रखडलो की, शेजारच्या विद्यार्थ्याची परीक्षेची उजळणी पूर्ण झाली. बस कितीही नवी घेतली तरी ती याच कोंडीत उभी राहणार असेल, तर खरेदीचे प्रस्ताव मंजूर करण्याआधी चौक मोकळे करणे हे नव्या सभागृहाचे काम आहे.

ही सेवा 8 जुलै 2021 रोजी सुरू झाली. त्याआधी शहरात एसटीच्याच बस धावत असत. पुढे मार्च 2022 मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि 15 जानेवारी 2026 च्या मतदानापर्यंत प्रशासकांनीच शहर चालवले. म्हणजे त्या मतदानातून निवडून आलेल्या 122 नगरसेवकांच्या हाती ही बससेवा जवळजवळ तयार स्थितीत आली आहे, तिच्या दुखण्यांसह. ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे मिळतात आणि तिकिटांचे उत्पन्न कमी पडले की तूट महापालिका भरते. त्यामुळे अंदाजपत्रकात रिकामी फेरी उधळपट्टी दिसते आणि फेऱ्या कमी करण्याचा मोह होतो. पण फेरी कमी झाली की प्रवासी हप्त्याने दुचाकी घेतो आणि तो पुन्हा बसकडे वळत नाही. शिवाय पगार थकल्यामुळे चालक-वाहकांनी याआधी अनेकदा काम बंद ठेवले आहे. वेतन ठरलेल्या तारखेला न दिल्यास ठेकेदाराचे देयक रोखण्याची अट कठोरपणे राबवली, तरी प्रवाशांचा निम्मा मनस्ताप वाचेल, असे माझे मत आहे.

रबरी टायरवर धावणाऱ्या नियोजित मेट्रो निओसाठी 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 2,092 कोटी रुपयांची घोषणा झाली होती. तिची वाट पाहण्यात आता अर्थ नाही. सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 रोजी आहे आणि पहिले अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 रोजी. 2015 च्या पहिल्या पर्वणीला बंदोबस्तामुळे भाविकांना किती पायपीट करावी लागली, हे पंचवटीकर विसरलेले नाहीत. बाहेरच्या वाहनतळांपासून गोदाघाटाजवळ माणसे सुखरूप नेणे आणि त्याच दिवशी सातपूरच्या कामगाराला वेळेवर कारखान्यात पोहोचवणे, ही दोन्ही कामे बसलाच करायची आहेत, आणि दुसऱ्याबद्दल फारसे कोणी बोलताना दिसत नाही.

नेहमीच्या प्रवाशांसाठी एवढेच सांगतो: सकाळी साडेआठच्या आत निमाणी गाठावी, कारण बसायला जागा तेव्हाच मिळते. द्वारकेसाठी वीस मिनिटे हाताशी ठेवावीत.