झाडांची छाटणी कोणाच्या हाती द्यावी : नाशिकमधील एका सेवेचे परीक्षण

कॉलेज रोडवरील आमच्या सोसायटीच्या आवारात एक मोठा रेन ट्री, दोन कडुनिंब आणि एक गुलमोहर अशी जुनी झाडे आहेत. गेल्या मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीसाठी आम्ही प्रथमच वखारवाल्याला न बोलावता, प्रमाणित वृक्षतज्ज्ञ असलेल्या एका छोट्या पथकाला काम दिले. त्या दोन दिवसांच्या कामाचे हे परीक्षण आहे. मात्र इतर सोसायट्यांना उपयोग व्हावा म्हणून काम देण्यापूर्वी आम्ही कोणते कागद मागितले आणि त्यांतून काय कळले, हेही सविस्तर लिहीत आहे.

या बदलामागे एक जुने नुकसान आहे. चार वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने गुलमोहराचा सगळा शेंडा सपाट उतरवला. लाकूड त्यानेच न्यायचे ठरल्यामुळे मजुरी नाममात्र होती आणि गोम तिथेच होती, कारण ज्याची कमाई लाकडाच्या वजनावर ठरते, तो वाळक्या काटक्या सोडून जाड, निरोगी फांद्यांनाच हात घालतो. पुढच्या पावसाळ्यात कापलेल्या टोकांभोवती धुमाऱ्यांचे झुपके फुटले आणि झाड सावरले म्हणून आम्हाला आनंद झाला. परंतु असे धुमारे फांदीच्या गाभ्यातून न येता सालीलगतच्या थरातून येतात, त्यामुळे त्यांची पकड कच्ची असते. त्यातच खालचे लाकूड कुजत गेले आणि गेल्या वर्षीच्या वादळात मनगटाएवढा जाड धुमारा खाली उभ्या असलेल्या स्कूटरवर कोसळला. सुदैवाने त्या वेळी तेथे कोणी नव्हते.

विशेष म्हणजे त्या छाटणीला रीतसर परवानगी होती. नागरी भागातील झाडांना आपल्याकडे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. त्यातील वृक्षतोडीच्या व्याख्येत झाड जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणे हे सारे येते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हणून वेगळे संरक्षणही दिले आहे. म्हणून छाटणीआधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावाच लागतो. मात्र ही सारी चौकशी झाडाची असते. करवत चालवणाऱ्याला हे काम येते का, याची अट हा कायदा घालत नाही. अमेरिकेत कनेक्टिकट किंवा मेरीलँडसारख्या राज्यांत हा व्यवसाय करण्यासाठी राज्य सरकारचा परवाना लागतो. आपल्याकडे तसा परवानाच नाही. आम्ही मागवलेल्या तीन दरपत्रकांपैकी दोघांनी ‘आम्ही लायसन्सवाले आहोत’ असे सांगितले. कागद पाहिला तेव्हा एकाचे शॉप ॲक्टचे प्रमाणपत्र निघाले आणि दुसऱ्याची जीएसटी नोंदणी.

तिसऱ्या पथकाच्या प्रमुखाकडे इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या १९२४ साली स्थापन झालेल्या संस्थेचे ‘सर्टिफाइड आर्बोरिस्ट’ म्हणजे प्रमाणित वृक्षतज्ज्ञ हे प्रमाणपत्र होते. या परीक्षेला बसण्यासाठी साधारणतः तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, किंवा त्या विषयातील पदवी असल्यास त्याहून कमी अनुभव चालतो. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते आणि त्या काळात प्रशिक्षणाचे ३० गुण मिळवले नाहीत तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. संस्थेच्या संकेतस्थळावर प्रमाणपत्राची पडताळणी करता येते. आम्ही ती केली आणि मुदत शिल्लक असल्याची खात्री करून घेतली. हे सरकारी लायसन्स नव्हे, हे त्या प्रमुखांनी स्वतःहून सांगितले, आणि माझा विश्वास तिथेच बसला.

काम पाहताना त्या शिक्षणाचा अर्थ कळला. कडुनिंबाची एक फांदी कापण्याआधी प्रमुखांनी ती बुंध्याला जेथे मिळते तेथील किंचित फुगीर वळ्यावर अंगठा ठेवून चढणाऱ्या मुलाला दाखवले की करवत या वळ्याच्या बाहेरूनच फिरली पाहिजे, कारण जखम भरून काढणारी साल इथूनच वाढते. मग त्या मुलाने बुंध्यापासून हातभर अंतरावर खालून पहिला काप घेतला, त्याच्या थोडे पुढे वरून दुसरा घेतला आणि फांदीचे वजन दोराने उतरल्यावर उरलेला खुंट वळ्यालगत अलगद काढला. खालची साल बोटभरही सोलली गेली नाही. आजवर मी आमच्याकडे जे काप पाहिले होते, ते बुंध्याला घासून घेतलेले, नाहीतर वीतभर खुंट सोडून दिलेले. चढताना कोणीही बुटांना खिळे लावले नव्हते. कमरेला हार्नेस आणि डोक्यावर हेल्मेट प्रत्येकाच्या होते.

जी कामे त्यांनी नाकारली, तीही मला तितकीच महत्त्वाची वाटतात. रेन ट्रीच्या एका फांदीवर कावळ्याचे घरटे होते. पिले उडेपर्यंत तिला हात लावणार नाही, असे त्यांनी सांगितले. विजेच्या तारेलगतची फांदी वीजपुरवठा बंद झाल्यावरच कापली. वाळवीचे औषध मारून द्या, अशी विनंती आम्ही केली तेव्हा व्यवसाय म्हणून कीटकनाशक फवारण्यासाठी १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाखाली परवाना लागतो आणि तो आपल्याकडे नाही, असे स्पष्ट सांगून त्यांनी ते काम सोडून दिले.

उणिवा दोन आहेत आणि त्या गंभीर आहेत. प्रमाणपत्र एकट्या प्रमुखांचे आहे. प्रत्यक्ष झाडावर चढलेल्या दोन्ही मुलांकडे कोणतेही प्रमाणपत्र नव्हते. आर्बोरिस्टची परीक्षा लेखी ज्ञानाची असते आणि चढण्याच्या कौशल्याचे त्याच संस्थेचे वेगळे प्रमाणपत्र आहे, हे चौकशी करणाऱ्याने लक्षात ठेवावे. दुसरे म्हणजे कामगारांच्या अपघात विम्याची प्रत आम्हाला तीनदा मागावी लागली आणि ती काम सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी मिळाली. इतक्या उंचीवर माणसे चढवणाऱ्या पथकाने हा कागद दरपत्रकासोबतच द्यायला हवा.

खर्च वखारवाल्याच्या कितीतरी पट झाला आणि त्यावरून सभासदांत मतभेदही झाले. तरीही मी या सेवेची शिफारस करतो. गुलमोहराला त्यांनी यंदा हात लावला नाही. त्याच्या प्रत्येक झुपक्यातील एखादाच सशक्त धुमारा राखून बाकीचे टप्प्याटप्प्याने काढायचे, एका वर्षी फार पाने कमी करायची नाहीत आणि कुजलेल्या टोकांची दर पावसाळ्यानंतर पाहणी करायची, असा तीन वर्षांचा लेखी आराखडा त्यांनी दिला आहे. पहिल्या टप्प्याचा अर्ज आम्ही तयार ठेवला असून तोपर्यंत त्या झाडाखाली वाहने लावणे बंद केले आहे.