मागच्या दारावरचा कॅमेरा: एका पावसाळ्यानंतर

आमचं घर फोंड्याजवळ कवळ्याला. जुनं, कौलारू. पुढे तुळस, मागे न्हाणी आणि विहीर, आणि विहिरीपलीकडे लगेच कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, सुरू होतं. घरात आम्ही तिघी: सासूबाई, आठवीतली मुलगी आणि मी. मिस्टर बोटीवर असतात, वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. मी फोंड्यात एका पतसंस्थेत नोकरी करते. चार कॅमेऱ्यांचा संच आम्ही गेल्या मे महिन्याच्या अखेरीस बसवून घेतला. लिहायची घाई केली नाही, मुद्दाम एक अख्खा पावसाळा जाऊ दिला. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि बाहेर लावलेली कुठलीही वस्तू टिकणार की नाही ते जून ते सप्टेंबरमध्येच कळतं.

कॅमेरे का घेतले ते आधी सांगते. शिगम्यात आम्ही तिघी फोंड्याला चित्ररथ बघायला गेलो होतो. घर बंद होतं ते जेमतेम चार तास. परत आलो तर पुढचं दार जसंच्या तसं, खिडक्या ठीक. सकाळी मागे गेले तेव्हा न्हाणीचं दार उघडं दिसलं. कुलूप शाबूत होतं, कोयंड्यात अडकवलेलं, आणि कोयंडाच लाकडातून उपटून खाली लोंबत होता. आत चुलीवरचं तांब्याचं भाण नव्हतं. सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासूनचं ते भाण. आता रोजची आंघोळ आतल्या बाथरूममध्ये गिझरच्या पाण्याने होते, पण नरक चतुर्दशीला पाणी त्यातच तापायचं. चुलीवर त्याच्या बुडाचा काळा गोल तेवढा राहिला होता. सासूबाई बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या आणि मग काही न बोलता आत गेल्या.

तांब्याचा भाव काय असेल तो असो. पुढचे दोन महिने आम्ही नीट झोपलो नाही, हे नुकसान मला त्याहून मोठं वाटतं. माडाची झावळ पडली तरी मुलगी उठून माझ्या खोलीत यायची. सासूबाईंना रात्री दोनदा उठावं लागतं, त्या मला हाक मारल्याशिवाय खोलीबाहेर पाऊल टाकेनात. त्याआधीच्या चतुर्थीत वाड्यावरचं एक कुटुंब मूळ घरी गेलं होतं, त्यांचं बंद घर फोडलं होतं. मंदिरांच्या फंडपेट्या फोडल्याच्या बातम्या पेपरात अधूनमधून असतातच. पण मागच्या दारापर्यंत कोणीतरी येऊन गेलंय हे कळलं की घर आतून बदलतं. कुठलाही आवाज साधा राहत नाही.

आता संचाबद्दल. चार कॅमेरे, प्रत्येकी 2 मेगापिक्सेल, एक डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा), 1 टीबीची हार्डडिस्क, वायरिंग आणि बसवणावळ धरून 18,500 रुपये झाले. मागच्या दारासाठी ड्युअल लाइटचा कॅमेरा घेतला, त्याचे 900 रुपये जास्त. एरवी तो काळोखात न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशावर काळं-पांढरं चित्र घेतो. माणूस हलताना दिसला की पांढरा दिवा लागतो आणि चित्र रंगीत होतं. कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही. काही गोष्टी चांगल्या झाल्या, काही वाईट, आणि मला नावापेक्षा त्या गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली चूक जागेची. बसवणाऱ्याने चारही कॅमेरे पागोळीखाली बारा फुटांवर लावले. उंचावर लावले की कोणी तोडत नाही, असं त्याचं म्हणणं. मे महिन्यात चित्र छान दिसलं. जूनमध्ये पाऊस लागला आणि फाटकातून येणाऱ्या प्रत्येक माणसाची फक्त छत्री दिसायला लागली. काळी छत्री, निळी छत्री, कधी डोक्यावरून ओढलेला प्लास्टिकचा रेनकोट. चेहरा एकाचाही नाही. फाटकावरचा कॅमेरा मी साडेसात फुटांवर खाली आणून घेतला. आता छत्रीखालचा माणूस ओळखता येतो. बाकीचे वरच ठेवलेत, त्यांच्यात अंगण सगळं दिसतं. तुम्ही बसवणार असाल तर एक कॅमेरा चेहऱ्यासाठी खाली लावायला पहिल्याच दिवशी सांगा.

दुसरी गोष्ट पाण्याची. कॅमेऱ्यावर आयपी 67 लिहिलेलं असतं. म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास ठेवला तरी चालेल. ते खरंच आहे, कॅमेऱ्याच्या आत पाण्याचा थेंब गेला नाही. पण कॅमेऱ्याची शेपटी जिथे वायरीला जोडतात तो सांधा त्या 67 मध्ये येत नाही. आमच्याकडे ते सांधे पागोळीखाली नुसते लोंबत ठेवले होते. जुलैच्या मध्यावर विहिरीकडचा कॅमेरा आधी थरथरला, मग निळा पडदा. बसवणाऱ्या मुलाने जोड उघडला तर आतल्या पिनेवर हिरवा कळंक चढलेला, पितळेच्या जुन्या समईवर चढतो तसा. दोन दिवसांत तो आला, पिना बदलल्या, चारही जोड प्लास्टिकच्या बंद डब्यांत घातले, 350 रुपये घेतले. डबे पहिल्याच दिवशी लावायला हवे होते. तरी भर पावसात शिडीवर चढून त्याने काम केलं, फोन एकदाही टाळला नाही, ते मी मानते.

तिसरी गोष्ट विजेची. इथे पावसाळ्यात लाइट जायला निमित्त लागत नाही. डीव्हीआर इन्व्हर्टरवर जोडला होता, त्यामुळे रेकॉर्डिंग चालू राहायचं, पण फोनवर काही दिसेना. दोन-तीनदा ऑफिसात बसल्या बसल्या जीव वरखाली झाला. राउटर साध्या प्लगवर होता, एवढंच कारण. तोही इन्व्हर्टरवर घेतला. चार कॅमेरे आणि डीव्हीआर मिळून तीस-पस्तीस वॅटच्या आसपास खातात, राउटरचे थोडे आणखी, इन्व्हर्टरला ते काहीच नाही. घराचं अर्थिंग तपासून घेतलं आणि विजेचा अचानक येणारा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर लावला. परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की डीव्हीआरचा प्लग मी तरीही काढते.

कोळ्यांचा त्रास मात्र कोणी सांगितला नव्हता. कॅमेऱ्याकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि काचेसमोर विणलेलं जाळं रात्री चित्रात पांढऱ्या दोरखंडासारखं हलतं. पहिल्या आठवड्यात एका रात्री फोनवर शंभराच्या वर इशारे आले. जाळं, पावसाच्या धारा, पाकोळ्या. असे इशारे येत राहिले तर माणूस फोन बंद करून झोपतो, मग पैसे घालून काय उपयोग? ॲपमध्ये 'फक्त माणूस' अशी सोय असते, ती चालू केली आणि दर रविवारी लांब कुंच्याने काचा झाडते. आता रात्री एखाद-दुसराच इशारा येतो.

डीव्हीआर ठेवला होता बाहेरच्या खोलीत, टीव्हीशेजारी. शेजारच्या वकील काकांनी बघितलं आणि म्हणाले, "अगं, चोर हाच डबा आधी उचलून नेईल." खरंच आहे. डीव्हीआर आता कोठीच्या खोलीत जाळीच्या कपाटात आहे, हवा लागते आणि नजरेला पडत नाही. काकांनीच सांगितलं, घड्याळ तपासत जा. आमच्या डीव्हीआरचं घड्याळ अकरा मिनिटं मागे निघालं. काही घडलं तर पोलीस पहिला प्रश्न वेळेचा विचारतात. आणि असं चित्रण कोर्टात पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. म्हणून काही घडलंच तर डीव्हीआरला घाईने हात लावू नये, त्यात खाडाखोड होऊ देऊ नये. आमच्याकडे साधारण वीस दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं, नंतर जुन्यावर नवं चढतं. चोरी उशिरा लक्षात आली तर हे वीस दिवस फार महत्त्वाचे.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी बसवण्याच्या कामाच्या पाच ताऱ्यांतला एक सरळ कापते. बसवणाऱ्याने ॲप चालू करून दिलं ते आधी स्वतःच्या फोनवरून. ऑगस्टमध्ये मुलगी ॲपमध्ये काहीतरी शोधत होती, तिला जोडलेल्या फोनांची यादी दिसली. त्यात तीन फोन. माझा, मिस्टरांचा आणि त्याचा. म्हणजे अडीच महिने आमचं अंगण, आमचं मागचं दार, मी किती वाजता निघते, मुलगी किती वाजता येते, सगळं एका परक्या माणसाला बघता येत होतं. त्याने बघितलं असेल असं मी म्हणत नाही. बोलावलं तर लगेच आला, माझ्यासमोर स्वतःचं नाव काढलं, "विसरलो ताई" म्हणाला, आणि चेहऱ्यावरून ते खरं वाटलं. पण विसरण्याची ही गोष्ट नाही. पासवर्डही त्याने सगळ्यांकडे ठेवतो तोच ठेवला होता. ज्यांच्याकडे कॅमेरे आहेत त्यांनी आजच ती यादी उघडून बघा.

न्हाणीच्या बाजूचा कॅमेरा लावताना मला दुसरी काळजी होती. न्हाणीच्या आतलं काही दिसता कामा नये, आणि शेजाऱ्यांच्या खिडकीतलंही. चित्राचा तेवढा भाग काळ्या पट्टीने झाकायची सोय डीव्हीआरमध्ये असते, तिला प्रायव्हसी मास्क म्हणतात. शेजारच्या वहिनींना घरी बोलावून पडदा दाखवला, त्यांची खिडकी झाकलेली आहे ते त्यांनी स्वतः बघितलं. आपल्याला सुरक्षित वाटावं म्हणून दुसऱ्याने दार लावून बसावं, हे मला पटत नाही.

भाण गेल्यानंतर वाड्यावर बरंच काही बोललं गेलं. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मजुरांची नावं घेतली गेली, पुरावा कोणाकडेच नव्हता. कुळागराच्या वाटेने पहाटे साडेचारला एक माणूस रोज जातो, त्याच्यावर दोघा-तिघांचा ठाम संशय होता. कॅमेऱ्यात तो रोज दिसला. हातात डबा, डोक्यावर टोपी, आमच्या फाटकाकडे मान वळवूनसुद्धा न बघता सरळ रस्त्याला लागतो. बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतीत पहाटेच्या पाळीला जाणारा कामगार. मी वाड्यावर ते सगळ्यांना दाखवलं. आता त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि कॅमेऱ्याच्या जमेच्या बाजूला मी हे फार वर धरते.

चोर पकडला गेला का? नाही. भाण मिळालं का? नाही. कॅमेरे नंतर आले, ते मागचं काय सांगणार? आणि कॅमेरा हात धरून कोणाला थांबवत नाही हेही मला कळतं. थांबवतं ते दार. म्हणून सुताराकडून मागच्या दाराला आतून आगळ बसवून घेतली, आणि सगळे कोयंडे लाकडातून आरपार बोल्ट घालून आतून नट आवळून घेतले. आधीचे होते इंचभराच्या स्क्रूंवर, म्हणून तर हाताच्या एका हिसक्यात आले. या कामाला 4,200 रुपये लागले. पैसे थोडेच असतील तर आधी हे करा, कॅमेरे मागाहून.

मग कॅमेऱ्याने दिलं काय? ऑगस्टमधली एक रात्र सांगते. पावणेतीनला फोन वाजला, मागचा दिवा लागल्याचा इशारा. पूर्वी अशा वेळी मी दाराशी जाऊन कान लावून उभी राहायचे, उघडावं की नाही ते कळायचं नाही, आणि सासूबाई आतून विचारत राहायच्या. त्या रात्री मी अंथरुणातच पडल्या पडल्या बघितलं. विहिरीच्या कठड्यावर उदमांजर बसलं होतं, अंग भिजलेलं, दिव्याकडे टक लावून. 'फक्त माणूस' लावूनही ते कसं काय टिपलं गेलं देव जाणे. मुलगीही उठली होती, तिला दाखवलं. ती पाच मिनिटांत झोपली. माणूस दिसला असता तर दार न उघडता 112 लावायचा आणि वकील काकांना हाक मारायची, हे आमचं तिघींचं ठरलेलं आहे. दाराच्या पलीकडे काय आहे ते दार न उघडता कळतं, यासाठी मी 18,500 रुपये दिले असं मी समजते, आणि ते मला वावगे वाटत नाहीत.

संचाला पाचपैकी चार, बसवण्याच्या कामाला तीन, नंतरच्या सेवेला साडेचार.

घरातला जुना टीव्ही पडून होता, तो डीव्हीआरला जोडून सासूबाईंच्या खोलीत ठेवलाय. हे त्यांनीच सुचवलं. फोन त्यांना जमत नाही, पण चार चौकोनांत घर चारही बाजूंनी दिसतं ते त्यांना कळतं. पहाटे जाग आली की त्या पडदा बघत पडून राहतात, मला हाक मारत नाहीत. साडेसहाच्या सुमारास पहिल्या चौकोनात पाववाल्याची सायकल येते आणि त्या आतून सांगतात, "पोदेर आयलो गो." भोंगा मला त्यानंतर ऐकू येतो.