चेराईचा समुद्र आणि परवूरचं ज्यू संग्रहालय: लांब मुक्कामानंतरचा अनुभव

कोचीतल्या मट्टनचेरीचं १५६८ चं परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, पाहिलं की बहुतेकांचा केरळातला ज्यू वारसा आटोपतो. निळ्या चिनी फरशा, घड्याळाचा मनोरा, बाहेर मसाल्यांची दुकानं, फोटो, चला. मीही पूर्वी तेवढंच करून परतलो होतो. यंदा काम लॅपटॉपवरूनच होणार होतं, म्हणून वायपीन बेटावर चेराईला डिसेंबरपासून पाऊस लागेपर्यंत राहिलो. तिथून पूल ओलांडला की थोड्या अंतरावर उत्तर परवूर. तिथलं सिनेगॉग आता मुझिरिस (इथलं प्राचीन बंदर) वारसा प्रकल्पात केरळच्या ज्यूंचं संग्रहालय झालंय.

पहिल्या फेरीत फार काही हाती लागलं नाही, खरं सांगतो. काचेच्या कपाटांतल्या वस्तू बघायची सवय असेल तर इथे चुकल्यासारखं होतं, कारण बघायची आहे ती इमारतच. दरवाजाघर, मग खांबांची लांब ओसरी, अंगण आणि मग प्रार्थनागृह. वर कौलं, एकूण घडण मंदिराशी किंवा जुन्या वाड्याशी नातं सांगणारी. आत मधोमध एक व्यासपीठ आणि वर सज्जात दुसरं, बायकांच्या जागेला लागून. ही केरळी सिनेगॉगांचीच खासियत. तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवायचं मूळ कोरीव कपाट इस्रायलला गेलं, इथे आहे ती प्रतिकृती. माणसंही गेली, बरीचशी १९५० च्या दशकात.

जवळच चेंदमंगलमचं सिनेगॉग आहे, ते चुकवू नका. दारासमोर १२६९ सालचा, सारा नावाच्या बाईचा हिब्रू थडग्याचा दगड उभा आहे. भारतातल्या सर्वात जुन्या हिब्रू लेखांत त्याची गणना होते. शेजारीपाजारी देऊळ, मशीद, चर्च.

आपल्याकडच्या माणसाला अलिबागजवळचं नवगाव आठवल्याशिवाय राहत नाही. तिथल्या बेने इस्रायलांना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावकरी ‘शनवार तेली’ म्हणायचे. पुढे एकोणिसाव्या शतकात कोचीचे ज्यू मुंबईत येऊन त्यांना प्रार्थना आणि धर्मविधी शिकवायला लागले. बेने इस्रायलांचं घर मराठीत चालायचं, कोचीकरांचं मल्याळममध्ये. कोचीच्या बायकांची मल्याळम गाणी तर वह्यांमध्ये उतरवून ठेवलेली आहेत. कोकणातल्या या मंडळींसाठी एवढं नीट जपलेलं संग्रहालय हवं होतं, असं तिथे प्रत्येक वेळी वाटायचं.

आता राहण्याबद्दल. चेराईला रस्त्याच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि पोक्काळीची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या भाताची, शेतं; पावसाळ्यात भात, उरलेल्या दिवसांत त्याच पाण्यात कोळंबी. सकाळी पोहणं, दुपारी झोप, संध्याकाळी चिनी जाळी ओढणाऱ्यांकडे बघत बसणं. करीमीन हा इथला मासा चांगला, पण रोज खाऊ नका, सुरमईची आठवण छळते. माझ्या होमस्टेचं वायफाय मात्र कामाच्या दिवशी हमखास रुसायचं, आणि मालक ‘उद्या नक्की’ म्हणायचे. मे अखेरीस समुद्र खवळतो, कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी धरते.

जायचं तर नोव्हेंबर ते मार्च. मट्टनचेरीचं सिनेगॉग करायचं असेल तर शनिवार टाळा, शब्बाथमुळे, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसामुळे, बंद असतं. परवूर आणि चेंदमंगलम एकाच दिवशी उरकण्यापेक्षा वेगवेगळ्या सकाळी करा. दुपारी परत येऊन पोहता येतं, हा चेराईला राहण्याचा खरा फायदा.