४.६ तारे आणि एक बादली: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरपासून आम्ही इंदूरहून पाच वेळा तंबूत राहायला गेलो. मी, बायको, दोन पोरं आणि दोनदा आईसुद्धा. जागा दर वेळी मोबाइलवरचे रिव्ह्यू वाचून ठरवली, त्यामुळे हा अनुभव कुठल्या एका कॅम्पचा नाही, त्या रिव्ह्यूंचाच आहे.

पहिला मुक्काम चोरलच्या बाजूला. ४.६ तारे, शेकड्यांनी रिव्ह्यू. पोचलो तर बारा तंबूंना मिळून दोन संडास, दोन्ही उकिडवं बसायचे, आणि बादली एक. आईचे गुडघे धरलेले. रात्रभर टॉर्च घेऊन मी दाराशी. घरी आल्यावर तेच रिव्ह्यू पुन्हा वाचले. ‘पोहे एक नंबर’, ‘दाल-बाफले गजब’. आम्हा इंदूरकरांचं असंच, पोट भरलं की सगळे गुन्हे माफ. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं. मला हवं होतं तेवढंच कुणी लिहिलं नव्हतं.

तेव्हापासून ताऱ्यांकडे बघत नाही. सगळ्यात नवे रिव्ह्यू आधी लावतो आणि त्यांत ‘वॉशरूम’, ‘पानी’, ‘लाइट’ हे शब्द शोधतो. खरी माहिती तीन तारेवाल्यांकडे असते: ‘गरम पाणी सातनंतर संपतं’, ‘शेजारच्या लॉनवर लग्न होतं, डीजे दोनपर्यंत’. एक तारेवाल्यांचं भांडण बहुतेक रिफंडचं. मालकाने काढलेल्या फोटोंपेक्षा पाहुण्यांचे वेडेवाकडे फोटो बरे, त्यांत निदान चादर दिसते.

महिना बघायला मात्र उशिरा शिकलो. पातालपानीच्या धबधब्याच्या फोटोंवर भाळून मार्चमध्ये तिकडची जागा घेतली. समोर कोरडा कातळ! फोटो सगळे श्रावणातले, चूक माझीच. हनुवंतियाचंही तेच. इंदिरा सागर धरणाच्या काठी जलमहोत्सवासाठी तंबूनगर उभं राहतं, त्या दिवसांतलं कौतुक इतर वेळी वाचून काय उपयोग?

आणि आता माझं स्वतःचं. नोव्हेंबरात एका कॅम्पवरून निघताना मॅनेजर चहा पुढे करत म्हणाला, ‘भिया, पाँच स्टार दे देना, दो लाइन भी लिख देना.’ पोरगा भला होता. तिथेच उभ्याउभ्या दिले. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं, पण ते ऐच्छिक. आणि एका कपाची दखल कोण घेणार?

मे महिन्यात मावसभावाचा फोन. ‘दादा, तुझा रिव्ह्यू वाचून गेलो होतो. नळाला पाणीच नाही.’

म्हटलं, ‘अरे, मी नोव्हेंबरात गेलो होतो. तारीख होती ना खाली.’

‘तारीख कोण बघतं? तुझं नाव बघितलं.’