ठाण्याच्या नौपाड्यातला दहावी बीजगणिताचा क्लास, लेकीसाठी लावलाय

सर रेषीय समीकरणं आधी ग्राफवर शिकवतात हे मला सगळ्यात आवडलं. उदाहरण रिक्षाच्या भाड्याचं, पहिल्या दीड किलोमीटरपर्यंत मिनिमम म्हणून रेघ सपाट, पुढे किलोमीटरमागे ठरलेला रेट म्हणून ती तिरकी चढते, तो चढ म्हणजेच स्लोप, लेक आता स्टेशनवरून येताना भाडं आधीच सांगते. मग दोन समीकरणं सोडवायची क्रेमरची पद्धत (१७५० सालची आहे ही!) आणि तिच्यात छेदातला निश्चयक, म्हणजे x-y च्या गुणकांच्या तिरक्या गुणाकारांची वजाबाकी, शून्य आला की पोरं गडबडतात ना, तिथे सर सरळ दोन रेषा काढतात, एकतर समांतर नाहीतर एकावर एक, म्हणून एकच असं उत्तर निघत नाही. एवढं कोण समजावतं हो! बॅच मोठी आहे, मागून फळा नीट दिसत नाही, लवकर जाऊन पुढे बसायला सांगा. फी ठीक.